एडनहून आलेलं पत्र



गेल्या महिन्यात आमच्या पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. ती आणि जावई सध्या लांबच्या समुद्रप्रवासाला निघाले आहेत, जहाजाने. फोनमध्ये तिच्या मागे नुसतं निळं पाणी. म्हणाली, "काका, आज सी-डे आहे. म्हणजे बंदर नाही, काठ नाही, दिवसभर फक्त समुद्र. सकाळपासून तीनदा खाऊन झालं. आजोबा गेले होते तेव्हा ते दिवसभर करायचे तरी काय?"

मी बुधवाऱ्यातल्या आमच्या ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, "लिहून ठेवलंय त्यांनी. सांगीन कधीतरी." फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते सगळं. म्हणून इथे लिहितोय. तिचे आजोबा म्हणजे माझे मोठे काका.

बुऱ्हाणपूरकरांचा आणि समुद्राचा काय संबंध, असं बाहेरच्याला वाटेल. रेल्वेनं मुंबई इथून साधारण पाचशे किलोमीटर. आपल्याला नदी माहीत, तापी. पण जुन्या काळात हे गाव आग्रा-सुरत रस्त्यावरचं मोठं ठाणं होतं, आणि सुरत म्हणजे समुद्राचं दार. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सहा महिन्यांहून जास्त काळ समुद्रावर काढून सुरतेजवळ सुवाळीला उतरला, आणि त्याच नोव्हेंबरात इथे बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझच्या दरबारात उभा राहिला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए इथून गेला. त्यानं नोंदवलंय की इथलं तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पार पोलंड आणि मॉस्कोपर्यंत जातं. म्हणजे बुऱ्हाणपूरचं कापड समुद्र ओलांडून जात होतं. माणसं मात्र ओट्यावर बसून होती.

कारण आपल्याकडे समुद्रबंदी. आपल्या लोकांत समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं. यातली एक जुनी हकीकत आपल्या गावाच्या वाटेनं गेलेल्या माणसाची आहे. १७७४ साली कासेगावच्या लढाईनंतर राघोबादादा पेशवे पुण्याकडे न जाता बुऱ्हाणपुरावरून उत्तरेला माळव्यात उतरले. याच राघोबादादांनी पुढे गादीच्या भांडणात इंग्रजांची मदत मागायला हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील विलायतेला पाठवला. सोबत मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ. १७८१ साली ही मंडळी इंग्लंडात होती. सोवळ्याचे इतके हाल झाले की तिथले पुढारी एडमंड बर्क यांनी आपल्या बागेतलं काचघर त्यांना राहायला आणि स्वयंपाकाला दिलं. एवढं सांभाळूनही परत आल्यावर प्रायश्चित्त चुकलं नाही.

मग शंभरेक वर्षांनी दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. आफ्रिकेला वळसा घालायची गरज संपली आणि मुंबई-लंडन वाटेतले चार हजारांहून जास्त सागरी मैल वाचले. आणि मार्च १८७० मध्ये मुंबईहून भुसावळ, खंडवा, इटारसी, जबलपूर करत कलकत्त्यापर्यंत रेल्वे जोडली गेली. बुऱ्हाणपूर याच रुळांवर. ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' ही कादंबरी याच दोन गोष्टींवर उभी आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यात बुऱ्हाणपूर आहे! फिलियस फॉग सुएझहून आगबोटीनं मुंबईला येतो, गाडीत बसतो, आणि गाडी बुऱ्हाणपूरला थांबते तेव्हा त्याचा नोकर पासपार्तू खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. १८७३ सालचं पुस्तक. काकांनी ते शाळेत असताना वाचलं होतं, आणि आमच्या घरातलं खूळ तिथून सुरू झालं असं आजोबा म्हणायचे.

त्यानंतर दहा वर्षांनी, ७ एप्रिल १८८३ ला, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. नवरा बरोबर नाही. गोपाळराव टपाल खात्यात होते, त्यामुळे पत्रं जायला किती दिवस लागतात हे त्या घरात सगळ्यांना पाठ असणार. जवळजवळ दोन महिने. तेवढ्या काळात मागे घरी काय झालं, हे वाटेत कळणं किती कठीण! समुद्रावरचा दिवस म्हणजे हे होतं, मंडळी. नुसती गंमत नव्हती.

आता काकांकडे येतो.

१९५५ चा सप्टेंबर. तेव्हा आपण जुन्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. काका २४ वर्षांचे, गिरणीत कामाला. मँचेस्टरला कापडाचं तंत्र शिकायला निघाले. ज्या गावचं कापड एकेकाळी जगभर जायचं, तिथला मुलगा मँचेस्टरला कापड शिकायला चालला, याची आजोबांना लाजही वाटे आणि अभिमानही. आजोबा वकील होते, दोन्ही बाजूंनी बोलायची सवय.

घरात तेव्हा आजोबांची थोरली बहीण होती, बालविधवा, सोवळी. ती म्हणाली, "समुद्र ओलांडून आलेल्याच्या पंक्तीला मी बसणार नाही. प्रायश्चित्त काय घेणार ते आधी सांगा." सगळे गप्प. आजी आतून म्हणाली, "आल्यावर तापीत एक बुडी मारील. आणखी काय?" आजी सहसा वन्संपुढे बोलत नसे. त्या दिवशी बोलली आणि विषय संपला. काका गेले ते आजीच्या एका वाक्यावर गेले, असं माझे वडील म्हणत. वडील तेव्हा १२ वर्षांचे.

आजीनं बरोबर दशम्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं, आवळासुपारी आणि डबाभर दराबा दिला. स्टेशनवर सगळे गेले होते. गाडी पंजाब मेल. हिचंही विलायतेशी जुनं नातं. १९१२ च्या सुमारास ती पंजाब लिमिटेड म्हणून सुरू झाली तेव्हा टपालाच्या दिवशी थेट बंदरातून, बॅलार्ड पिअरवरून सुटायची आणि बोटीनं आलेली विलायती टपाल घेऊन बुऱ्हाणपुरावरून पार पेशावरला जायची. त्याच गाडीनं काका उलट्या दिशेनं मुंबईला गेले आणि तिथून अँकर लाइनच्या 'सिलिसिया' बोटीत बसले. १९३८ सालची ग्लासगोची बोट, अकरा हजार टनांची, तीनशेच्या आसपास उतारू. मुंबई, कराची, एडन, सुएझ, पोर्ट सैद, जिब्राल्टर, लिव्हरपूल असा या बोटींचा नेहमीचा रस्ता. त्या खेपेला कराची आधीच झालेली होती, म्हणून मुंबईहून सरळ एडन. सुमारे १६५० सागरी मैल, बोटीचा वेग ताशी सतरा, म्हणजे चार दिवस. मधे काठ नाही.

या चारांपैकी तिसऱ्या दिवशी काकांनी आजीला पत्र लिहिलं. ते पत्र आमच्याकडे आहे. त्यातला दिवस सांगतो.

पहाटे डेक धुण्याच्या आवाजानं जाग येते. खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे, वाढणारे स्टुअर्ड गोव्याचे. एका म्हाताऱ्या खलाशाला काकांनी मराठीत हाक मारली तेव्हा त्यानं बादली खाली ठेवून आधी गाव विचारलं, आणि बुऱ्हाणपूर म्हटल्यावर "तिथं समुद्र न्हाय" असं सांगितलं. पावसाळा सरत आलेला, पण अरबी समुद्र अजून शांत झालेला नव्हता. जेवणाच्या टेबलांना लाकडी कडा लावल्या होत्या, टेबलावरचं कापड पाणी शिंपडून ओलं केलेलं, म्हणजे ताटं सरकत नाहीत. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, कारण माणसं आपापल्या खोलीत आडवी. काकांनी पहिले दोन दिवस आवळासुपारी आणि लोणचं यांवर काढले होते. तिसऱ्या दिवशी पाय स्थिर झाले.

सकाळी जीव वाचवायचं जाकीट घालून सगळ्यांना होडीपाशी उभं करतात, कवायत म्हणून. मग दोरीची कडी फेकायचा खेळ. अकराला सूप, पण शाकाहारी माणसानं विचारून घ्यायचं. आणि बारा वाजता दिवसातली सगळ्यांत मोठी घटना. कालच्या बारापासून आजच्या बारापर्यंत बोट किती मैल गेली तो आकडा फळ्यावर लागतो. लोक त्यावर पैसे लावतात. त्या दिवशी आकडा ४०२ होता. काकांनी लिहिलंय, "मी पैसे लावले नाहीत. पण मनातल्या मनात चारशे धरले होते, बाबांना सांगू नकोस."

आणि त्यांना सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे घड्याळ. बोट पश्चिमेला जाते, म्हणून रोज रात्री घड्याळ अर्धा तास मागे करायचं. मुंबई आणि एडनच्या वेळेत अडीच तासांचा फरक, तो असा थोडा थोडा भरून काढतात. फॉग पूर्वेला गेला म्हणून त्याचा प्रत्येक दिवस चोवीस तासांहून थोडा लहान होता आणि शेवटी त्याला अख्खा एक दिवस बक्षीस मिळाला. काका उलटे निघालेले, त्यांना ते बक्षीस रोजच्या रोज, अर्ध्या अर्ध्या तासानं मिळत होतं. "आई, इथे दिवस साडेचोवीस तासांचा असतो. त्यातला वरचा अर्धा तास रोज तुला लिहायला ठेवीन."

दुपारी जेवणानंतर सगळी बोट झोपते. तेव्हा ते लिहायला बसले. "आत्ता तीन वाजलेत. तुझी शेवटची दशमी आत्ता खाल्ली, लोणच्याबरोबर. दराबा उरलाय, तो लिव्हरपूलपर्यंत पुरवीन."

पुढे दोन पानं आहेत. उडणारे मासे, रात्री बोटीच्या कडेनं चमकणारं पाणी, एका मद्राशी मुलाशी झालेली दोस्ती, जेवायला टाय लावावा लागतो त्याची तक्रार. शेवटी वन्सं-आत्याला नमस्कार, आणि धाकट्याला, म्हणजे माझ्या वडलांना, एडनचं तिकीट काढून ठेव अशी सूचना.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता आजी गेली. छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, आणि गेली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी तापीकाठी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा तार ऑफिसात गेले. वडील बरोबर होते. भर समुद्रातल्या बोटीलाही तेव्हा तार जायची. जहाजाचं नाव लिहायचं, किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनातून ती बिनतारी जायची आणि बोटीवरचा माणूस उतारूच्या हातात कागद द्यायचा. आजोबांनी फॉर्म घेतला, इंग्रजीत चार शब्द लिहिले, खाली बोटीचं नाव. खिडकीपाशी गेले. आणि परत फिरले. फॉर्म घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि वडलांना म्हणाले, "चल."

घरी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मधे पाण्यात बातमी देऊन पोराला करायला काय देणार मी? उतरता येत नाही, परतता येत नाही. जमिनीवर पाय लागू देत." मँचेस्टरच्या पत्त्यावर त्यांनी पत्र टाकलं, विमानानं. ते काकांच्या आधी तिथं पोचलं.

पण दुसरंही एक कारण होतं, ते वडलांनी मला फार उशिरा सांगितलं. सुतकात भेटायला येणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली होती. पोरानं समुद्र ओलांडला आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. बुडी मारीन म्हणाली होती ना! आजोबांना भीती होती की बोटीवर एकट्या बसलेल्या पोराच्या मनात हाच हिशेब येईल. तिसरा दिवस, समुद्र, आई. समजवायला जवळ कोणी नाही आणि कठडा ओलांडला की पाणी. नवल म्हणजे सोवळ्या आत्यानं ही कुजबुज ऐकली तेव्हा तीच उठून बाहेर आली आणि म्हणाली, "तिनं परवानगी दिली होती. माझ्या घरात पुन्हा असं बोलायचं नाही."

दहाव्याच्या दिवशी एडनचं पत्र आलं. पाकिटावर "ती. सौ. आईस". आजोबांनी ते वडलांकडे दिलं आणि वाचायला सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. बारा वर्षांच्या मुलानं ते वाचलं. दशमीच्या ओळीपाशी त्याला पुढे जाता येईना, तेव्हा आत्यानं उरलेलं वाचलं. तिला मोडकंतोडकंच वाचता यायचं. एकेक अक्षर लावत तिनं ती दोन पानं पुरी केली, स्वतःला केलेल्या नमस्कारासकट.

नंतर पोर्ट सैदहून एक पत्र आलं, मग लिव्हरपूलला बोट लागायच्या आदल्या दिवशी लिहिलेलं एक. दोन्ही आजीच्याच नावाची. ती आजोबांनी उघडली नाहीत. पेटीत ठेवून दिली.

काकांना बातमी कळली ती मँचेस्टरच्या खोलीत, निघाल्यापासून विसाव्या दिवशी. आईबापाचं केव्हाही कळलं तरी मुलाला पुरते दहा दिवस, असं गुरुजींनी कळवायला सांगितलं होतं, तेही त्या पत्रात होतं. काका दहा दिवस जमिनीवर झोपले. घरमालकिणीला वाटलं पलंग आवडला नाही, तिनं गादी बदलून दिली.

१९५८ साली ते परत आले. पंजाब मेलनं उतरले आणि घरी न येता सरळ तापीवर गेले. बुडी मारून ओल्या अंगानं बुधवाऱ्यात आले. आत्या दारात उभी होती. म्हणाली, "झालं, पान वाढलंय." त्या दिवशी ती त्यांच्या पंक्तीला बसली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

जेवणं झाल्यावर काकांनी आजोबांना विचारलं, "तार का नाही केलीत?" आजोबांनी पेटी उघडली. न उघडलेली दोन पत्रं आणि तो घडी घातलेला फॉर्म त्यांच्या हातात ठेवला. काही बोलले नाहीत. काकांनीही पुढे विचारलं नाही. पण पटलंही नाही. म्हातारपणी एकदा मला म्हणाले, "अरे, मी रोज संध्याकाळी डेकवर गाणी म्हणायचो. पत्ते खेळायचो. एडनला उतरून आईसाठी पंचा घेतला. सतरा दिवस! मला कोणी सांगितलं असतं तर रडलो असतो, पण निदान माझं रडणं वेळेवर झालं असतं." माझ्या वडलांचं मत शेवटपर्यंत उलट होतं. त्यांच्या मते आजोबांनी काकांना वाचवलं. दोघे भाऊ या एका विषयावर कधी एक झाले नाहीत.

'सिलिसिया' १९६५ मध्ये विकली गेली आणि रॉटरडॅमच्या बंदरात गोदी कामगारांची शाळा म्हणून उभी राहिली. पुढच्या वर्षी अँकर लाइनची मुंबईची उतारू सेवाच बंद झाली. लोक विमानानं जाऊ लागले. समुद्रावरचा दिवस संपला, आणि आता पैसे देऊन सुट्टी म्हणून परत आलाय.

काका गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. एडनचं पत्र मी त्याआधीही बरेचदा पाहिलं होतं, पण दशमीच्या ओळीपाशी समासात पेन्सिलीनं काढलेली बारीक रेघ कधी लक्षात आली नव्हती. तिच्यापुढे काकांच्या अक्षरात: "बुऱ्हाणपूर ४, बोट ३." दोन रात्री, दोन अर्धे तास. त्यांनी परत येऊन हिशेब केला होता. आपण नेमके कुठल्या ओळीवर होतो, तो.

पूर्वी मी आजोबांच्या बाजूनं होतो. ती रेघ पाहिल्यापासून नक्की सांगता येत नाही.

परवा पुतणीचा पुन्हा फोन आला. पुन्हा सी-डे. ठेवताना म्हणाली, "काका, घरी काही झालं तर लगेच कळवा हं. इथे वायफाय चांगलं आहे." मी "हो" म्हटलं. पण म्हणायला जरा वेळ लागला, आणि तिनं विचारलं, "ऐकू येतंय ना?"

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी बोटीनं गेलं असेल. विलायत, आफ्रिका, मॉरिशस, एडन. एखादं पत्र, तिकीट, सामानाची चिठ्ठी पेटीत असेल तर जरूर इथे टाका. आणि न पाठवलेलं काही असेल, तर तेही.